सुगडातली पाच बोरे



पौष लागला की आपल्या भागात ऊसतोड ऐन भरात असते, गव्हाला पाणी द्यायची धांदल असते, आणि घरात माउलीची संक्रांतीची तयारी चालू असते. कुंभाराकडून सुगडे येतात. त्यांत ओला हरभरा, उसाची पेरे, गाजर, गव्हाची ओंबी, तीळ आणि पाच बोरे पडतात. हळदीकुंकू वाहिले जाते, सुगडे देवापुढे ठेवली जातात आणि सण पार पडतो. त्या पाच बोरांकडे मग वर्षभर कोणी पाहत नाही. आज त्या बोरांविषयी आणि त्यांच्या भावंडांविषयी, म्हणजे बांधावरच्या आणि रानातल्या फळांविषयी चार शब्द लिहिणार आहे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, याच दिवसांतली. देवळाली प्रवरा शिवारातल्या एका वस्तीवर खोडव्याचे खत व्यवस्थापन सांगायला गेलो होतो. रान पाहून झाले. बांधाच्या कोपऱ्यावर बोरीचे एक जुने झाड उभे होते. फांद्या फळांनी वाकलेल्या आणि खाली बोरांचा सडा पडलेला. घरधनी म्हणाले, "साहेब, ही बोर काढून टाकू म्हणतो. ट्रॅक्टर वळायला आडवी येती, अन् दोन सऱ्या सावलीत बसत्यात."

मी काही बोलायच्या आधी त्यांच्या आईच बोलल्या. "तुझ्या जन्माआधीची हाय ती. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडून घरी यायचो, तवा सुकडीसंगं हीच बोरं लेकरांच्या हातावर पडायची. आता तुला सऱ्या दिसाया लागल्या व्हय?"

मुलगा गप्प बसला. आम्ही चहाला घरात गेलो. फळीवर कागदात गुंडाळलेली चार सफरचंदे होती. "पोरीसाठी आणल्यात," घरधनीण म्हणाल्या. "शाळेत रक्त तपासलं. आठच भरलं म्हणत्यात. दहावीला हाय, अभ्यासाला बसली की डोळं मिटत्यात तिचं." एवढ्यात धाकटा मुलगा बाजारातून आला. त्याच्या पिशवीत सुगडांसाठी विकत आणलेली बोरे होती.

मी विचारले, "ताई, बांधावर झाड लगडलेलं असताना बोरं विकत?"

"ती बारकी अन् आंबट. कोण येचणार?"

मंडळी, त्या घरातले चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. लेकीच्या अंगात रक्त नाही. तिच्यासाठी परमुलखातले सफरचंद विकत आणले आहे. देवासाठी बोरे विकत आणली आहेत. आणि स्वतःच्या बांधावरची बोरे मातीत मिसळत आहेत, वर त्या झाडावर कुऱ्हाड पडायची वेळ आली आहे. ही एका घराची चूक म्हणून मी सांगत नाही. वस्त्या-वस्त्यांवर थोड्याफार फरकाने हेच दिसते.

तक्ता काय सांगतो

आजाऱ्याला भेटायला जायचे तर सफरचंद न्यायचे, अशी आपली रीत पडली आहे. सफरचंद वाईट नाही. पण आपल्या पैशाला त्यातून काय मिळते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. आपण शेतकरी खताच्या पोत्यावर नत्र किती, स्फुरद किती हे वाचून पैसे मोजतो. मग फळाचे का वाचू नये?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते केले आहेत. ते कित्येक वर्षे आमच्यासारख्यांच्या टेबलावर असतात. त्या जुन्या तक्त्यांतले आकडे खाण्याजोग्या शंभर ग्रॅम भागाचे आहेत. 'क' जीवनसत्त्व सफरचंदात १ मिलिग्रॅम, केळ्यात ७, संत्र्यात ३०. आता आपली बांधावरची मंडळी पाहा. बोरात ७६. चिचबिलाईत, म्हणजे शाळेच्या कुंपणाशी उभ्या असणाऱ्या विलायती चिंचेच्या पांढऱ्या-गुलाबी गरात, १०८. पेरूत २१२. आणि आवळ्यात तब्बल ६००.

आवळ्याच्या आकड्याबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१७ साली याच संस्थेने नवे तक्ते काढले, त्यांत आवळ्याचा आकडा अडीचशेच्या आसपास आला. झाडाची जात, जमीन, फळ तोडण्याची वेळ आणि मोजण्याची पद्धत यांनी आकडे बदलतात. आपल्याच दोन रानांतल्या उसाचा उतारा कुठे सारखा येतो? पण अडीचशे धरले तरी काय होते ते बघा. प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते. लिंबाएवढा एक आवळा तेवढे सहज देऊन जातो. ओंजळभर बोरेही देतात.

'क' जीवनसत्त्व हाच काही सगळा आहार नव्हे. प्रत्येक फळाचा गुण वेगळा. चिंचेच्या गरात शंभर ग्रॅमला १७० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, आहे. कवठात १३०. गाईच्या दुधात तो १२० असतो. अर्थात चिंच कोणी शंभर ग्रॅम खात नाही, आमटीला बोटभर पुरते. म्हणून चिंच दुधाची जागा घेईल असे समजू नका. कवठ मात्र गूळ घालून अर्धेअधिक संपते. पिकलेल्या बेलाच्या गरात ८५ मिलिग्रॅम चुना आहे आणि पोटालाही तो मानवतो. सीताफळ अंगात ताकद देते, शंभर ग्रॅमला शंभराहून थोड्या जास्त उष्मांकांची. जांभळात उष्मांक ६० च्या आसपास आणि 'क' जीवनसत्त्व १८. करवंदाचे ताजे फळ पाणीदार असते, त्यात फार मोठे आकडे नाहीत. पण उन्हाळ्याच्या शेवटी, जेव्हा ताटात हिरवी भाजी मिळत नाही, तेव्हा ते येते, हाच त्याचा मोठा गुण.

भाकरीतले लोह अंगी का लागत नाही

आता त्या लेकीच्या रक्ताकडे वळू. ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे घरात टीव्ही आला, दारात मोटारसायकल आली, आणि बायाबापड्यांचे रक्त मात्र कमीच होत गेले.

तुम्ही म्हणाल, आम्ही बाजरी खातो, मेथी खातो, त्यांत लोह असतेच की. असते, बरोबर आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असते. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट संस्थेने मिळून बाजरीचे 'धनशक्ती' हे वाण दिले, त्यात तर किलोला सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास लोह भरते. पण धान्यातले आणि पालेभाजीतले लोह एका अडचणीत असते. पोटात गेलेल्या लोहाचा शंभरातला पाच-दहा भागच रक्तात उतरतो, बाकीचे तसेच बाहेर पडते. आपल्या चुनखडीच्या जमिनीचे उदाहरण घ्या. मातीत लोह भरपूर असते, तरी पीक पिवळे पडते, कारण ते लोह मुळांना घेता येत नाही. आपल्या पोटातही जवळजवळ तसेच घडते.

अडकलेले लोह सोडवण्याचे काम 'क' जीवनसत्त्व करते. लोह ज्या रूपात आतड्याला ओढून घेता येते, त्या रूपात ते त्याला आणते. मात्र एक अट आहे. दोन्ही एकाच जेवणात पोटात गेली पाहिजेत. सकाळी भाकरी आणि रात्री आवळा, असे करून उपयोग नाही. आणि उलटे काम करणारा एक पदार्थ आपण रोज घेतो, तो म्हणजे चहा. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या घेतलेला चहा लोहाला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. जेवण आणि चहा यांत तासभराचे तरी अंतर ठेवा. चहा सोडा, असे मी म्हणत नाही, तसे म्हटले तर पुढच्या वेळी वस्तीवर मला कोणी उभे करणार नाही.

हे सगळे शास्त्र कळल्यावर मला आपल्या भोगीच्या ताटाचे नवल वाटू लागले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण काय खातो? तीळ लावलेली बाजरीची भाकरी. वांगी, गाजर, हरभरा, पावटा यांची मिसळीची भाजी, आणि त्या भाजीत बोरे. लोणी किंवा तूप. म्हणजे लोह बाजरीचे, चुना तिळाचा, डाळीचे प्रथिन हरभऱ्या-पावट्याचे आणि 'क' जीवनसत्त्व बोराचे. आमच्या कॉलेजात आहारशास्त्राच्या पुस्तकातून जे शिकवले, ते आपल्या आजीने पौषात चुलीवर मांडले होते. तिने फक्त त्याचे नाव भोगी ठेवले. एक सुधारणा तेवढी करावी. शिजताना 'क' जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो, म्हणून भाजीत बोरे घाला आणि चार कच्ची बोरे ताटाशेजारीही ठेवा.

सणांत बांधलेले पंचांग

एकदा भोगीचे ताट कळले की बाकीचे सणही उलगडत जातात. कार्तिकात आवळीखाली जेवायची रीत आहे, तेव्हाच आवळा धरतो. तुळशीच्या लग्नात ऊस, बोर, आवळा आणि चिंच मांडतात. संक्रांतीनंतर लहान लेकरांचे बोरन्हाण करतात आणि वस्तीतली सारी पोरे डोक्यावरून सांडलेली बोरे वेचून खातात. महाशिवरात्रीला कवठाची चटणी किंवा गूळ घातलेले कवठ होते. वटपौर्णिमेच्या वाणात करवंद, जांभूळ आणि आंबा असतो. ज्या महिन्यात जे रानफळ पिकते, त्या महिन्यात ते देवाच्या निमित्ताने घरात यावे, अशी ही जुनी सोय आहे.

आपण सोय सोडली आणि निमित्त तेवढे ठेवले. देवापुढे पाच बोरे मोजून ठेवतो आणि लेकराच्या हाती बिस्किटाचा पुडा देतो. त्या पुड्यात मैदा आणि साखर. आणि साखरेला आपल्या उसाच्या मुलखात काय कमी? आपल्या पोरांच्या पोटात साखर कमी नाही, कमी आहे ते बाकीचे.

हे का झाले, तेही समजून घेऊ, उगाच कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा कोरडा मुलूख हिरवा केला. पुढे मुळा धरणाचे पाणी आले. पाण्याने घरे उभी राहिली, मुले शिकली. त्या पाण्याला नावे ठेवणारा मी कोण? पण जिथे गुंठ्या-गुंठ्याला किंमत आली, तिथे बांध अरुंद झाले. बांधावरच्या बोरी, बाभळी आणि चिंचा गेल्या. ओढ्याकाठची जांभळे आणि उंबर गेले. काही फळझाडे वीटभट्टीत जळाली. जिरायत भागात आणि अकोल्याच्या डोंगरात अजून करवंद, जांभूळ, कवठ बऱ्यापैकी दिसतात. बागायतात मात्र ज्याच्या दारी बोर आहे, त्याला मी भाग्यवान समजतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात आणि रानभाज्या यांची गावरान बियाणी घराघरांतून गोळा करून जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वेलीवरच्या घेवड्याचे बी त्यांनी राखले, बांधावरच्या बोरीचे कोण राखणार? ते काम ज्याचा बांध, त्याचेच आहे.

झाड काढू नका, डोळा भरा

त्या घरधन्याची अडचण खोटी नव्हती. फळ बारीक आणि आंबट. झाड वाढून सावली टाकते. ट्रॅक्टर वळत नाही. तेव्हा "झाड राखा" एवढे बोलून उठणे बरे नव्हते. मी त्यांना जे सुचवले, ते तुमच्याही उपयोगी पडेल.

उन्हाळ्यात, एप्रिलअखेर ते मे महिन्यात, बोर विश्रांतीत असते, पाने गळतात. त्या वेळी जुने झाड करवतीने कापून खाली आणावे. कापलेल्या जागेला बोर्डो मलम लावावा. पावसाच्या तोंडावर खोडावर भरपूर धुमारे फुटतात. त्यांतले चांगले पेन्सिलीएवढे जाड पाच-सहा धुमारे ठेवून बाकीचे काढावेत. जून-जुलैत त्या धुमाऱ्यांवर उमराण किंवा मेहरूण अशा चांगल्या जातीचा डोळा भरावा. मेहरूण ही जळगावकडची नामांकित, गोड बोराची जात. डोळा भरण्याचे काम सराव असलेल्या माळ्याकडून करून घ्यावे, रोपवाटिकेत अशी माणसे मिळतात. डोळा फुटला की वरचा रानटी शेंडा छाटावा, आणि डोळ्याखालून फुटणारे रानटी फुटवे पुढेही वेळोवेळी काढत राहावेत. मूळ रानबोरीचे असल्याने ते खोल जाते, पाणी फारसे मागत नाही, आणि फळ कलमी मिळते. दरवर्षी उन्हाळ्यात छाटणी केली की झाड आटोपशीर राहते, सावली बेताची पडते आणि ट्रॅक्टरही वळतो.

फळात अळी पडते ती फळमाशीची. खाली पडलेली किडकी बोरे रोजच्या रोज वेचून खोल पुरली तरी निम्मे काम होते. झाडाखालची जमीन उन्हाळ्यात चाळली की मातीतले कोश उघडे पडतात, उन्हाने आणि पाखरांनी मरतात.

ज्यांच्याकडे झाडच नाही, त्यांनी येत्या पावसाळ्यात वस्तीभोवती पाच झाडे तरी लावावीत. बोर, आवळा, जांभूळ, सीताफळ आणि कवठ किंवा चिंच. भाऊबंदांच्या सामाईक बांधावर लावू नका, सावली शेजाऱ्याच्या पिकावर जाते आणि फळाआधी भांडण पिकते. विहिरीचा थारोळा, गोठ्यामागची जागा, मोरीचे पाणी जाते ती बाजू, ओढ्याचा काठ आणि वस्तीचा रस्ता या जागा निवडा. खड्डे मे महिन्यात खणून तापू द्या आणि शेणखत-पोयट्याने भरून ठेवा. चांगला पाऊस झाला की लागण करा. बोरीचे रोप पिशवीत फार दिवस ठेवले की सोटमूळ वळते, त्यापेक्षा जागेवरच बी टोकून पुढे त्यावर डोळा भरलेला बरा. आवळ्याचे एकच झाड लावू नका. कृष्णा, कांचन, चकय्या अशा दोन वेगळ्या जातींची दोन झाडे जवळ असली की फळधारणा चांगली होते. कुंपणाला तार ओढण्यापेक्षा करवंदाची जाळी लावा. गुरे आत येत नाहीत आणि पोरे बाहेर जात नाहीत!

ज्यांना दोन-चार झाडांऐवजी बागच करायची आहे, त्यांच्यासाठी शासनाच्या फळबाग योजना आहेत. १९९० सालापासून रोजगार हमीशी जोडून फळबागा सुरू झाल्या आणि नगर-सोलापूरच्या जिरायतात बोर, आवळा व सीताफळ यांच्या बागा उभ्या राहिल्या. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने नवी योजना आली. तीत जांभूळ, चिंच, आवळा आणि सीताफळ ही झाडेही बसवली गेली. यंदा अनुदान किती आणि अर्ज कधी, हे आपल्या तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

हंगाम सरल्यावर

रानफळाची खोड एकच. येते तेव्हा ढीगभर येते आणि महिन्याभरात संपते. म्हणून टिकवायची विद्या घरात हवी. आवळा किसून मीठ लावून उन्हात वाळवला की वर्षभर आवळासुपारी होते. सुकवताना फळांतले 'क' जीवनसत्त्व बरेच जाते, पण आवळ्यात इतर फळांच्या मानाने ते अधिक टिकते. शक्य तेथे सावलीत, वाऱ्यावर वाळवा. पिकून सुरकुतलेली बोरे वाळवून, कुटून, बी काढून, गूळ-मीठ-जिरे घातले की बोरकूट होते. त्यात 'क' जीवनसत्त्व फारसे उरत नाही, पण रंगवलेल्या गोळ्यांपेक्षा ते शंभर पटींनी बरे. चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून मडक्यात भरा. आमटीला चिंच घालाल तेव्हा ती लोखंडी कढईत करा. आंबटाने कढईचे थोडे लोह आमटीत उतरते. मात्र आमटी झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढा, रात्रभर कढईत ठेवू नका.

आता सावधगिरीचे चार शब्द. आजी-आजोबा ज्या फळाला नावाने ओळखत नाहीत, ते रानातले फळ लेकरांना तोंडात घालू देऊ नका. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि पोरांना उलट्या-जुलाब सुरू होतात. पिवळ्या कण्हेराची बी, धोतऱ्याचे बोंड आणि फोडलेली गुंज ही तर जीवावर बेततात. असे काही खाल्ल्याचे कळले तर घरगुती उपाय करत बसू नका, बी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला बोर-जांभूळ बी काढून द्या, घशात अडकते. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या रानाच्या बांधावरची फळे लगेच तोडू नका, आणि खाण्याआधी नेहमी धुवा. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी सीताफळ बेताने खावे, आणि जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत.

सर्वांत महत्त्वाचे. रक्त आठावर आले असेल तर नुसत्या बोरा-आवळ्यावर विसंबू नका. आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, जंताची गोळी मिळते, त्या घ्याव्याच लागतात. बोर आणि आवळा हे गोळीचे आणि भाकरीचे सोबती आहेत, त्यांच्या जागी बसणारे नव्हेत. शेतात शेणखतही लागते आणि गरजेपुरते वरखतही लागते, तसेच हे.

पुढे काय झाले

त्या दिवशी मी घरधन्यांना एवढेच म्हणालो, "दोन सऱ्यांचा ऊस किती होईल, ते तुम्ही सांगा. पोरीच्या दहावीचा हिशेब मला येत नाही." ते काही बोलले नाहीत. आजी मात्र उठल्या, पदराच्या ओच्यात बोरे भरून आणल्या आणि नातीच्या ताटाशी ठेवल्या. "आंबट हाईत तर मीठ लाव, पण भाकरीसंगं खा," म्हणाल्या.

वैशाखात बोर कापली गेली. आजींनी त्या दिवशी जेवण गोड मानून घेतले नाही, असे नंतर कळले. जुलैत पाच धुमाऱ्यांवर डोळे भरले, तिघांनी धरले, दोन वाळले. पहिले वर्ष फळाविना गेले. त्या हिवाळ्यात आजी मला दिसल्या की विचारत, "साहेब, माझी बोर गेली का हो?"

लेकीने गोळ्या घेतल्या. बोरे संपल्यावर जेवताना आवळा, लिंबू, चिचबिलाई, जे हाती येईल ते खाल्ले. जेवणानंतरचा चहा बंद केला. सहा महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा साडेदहा भरले. ते गोळ्यांनी वाढले की फळांनी, असे कोणी विचारले तर मी सांगेन, दोन्हींनी, आणि आजींच्या आग्रहाने. अजून बारापर्यंत जायचे आहे. दहावी ती पास झाली.

परवा त्या वस्तीवरून जात होतो. झाड छातीएवढे बुटके, पसरट झाले आहे, आणि तीन फांद्यांवर कलमी बोरे पिवळी पडू लागली आहेत. ट्रॅक्टर त्याच्या कडेने वळतो. आजी बाजेवर बसून बोरे निवडत होत्या. त्यांनी मला दोन मुठी दिल्या आणि म्हणाल्या, "यंदा सुगडाला बाजारात जायचं न्हाई."

मंडळी, या संक्रांतीला तुमच्याही सुगडात पाच बोरे पडतील. ती देवाची. त्यांच्याबरोबर ओंजळभर लेकीच्या ताटात पडू द्या, ती घराची. आणि पाऊस पडला की एक आठोळी दाराशी टोका.

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, बोरे खा, आणि गोड बोला.